गुपिताला मुदत हवी

(देवळी तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या मंडळींनो,

राष्ट्रीय सुरक्षेची गुपिते हा दिल्लीचा विषय, त्याचे खेड्यातल्या वाचनालयात काय काम, असे मला येताना एका स्नेह्यांनी विचारले. आपल्याच तालुक्यात पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, एवढेच उत्तर मी दिले. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान मृत्युमुखी पडले, आणि आसपासच्या गावांतील माणसे लेकरे उचलून अंधारात घराबाहेर पडली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत या भागातले मजूर होते. कोणत्या कोठारात कोणता बॉम्ब आहे, हे आपल्याला कळण्याचे कारण नाही आणि ते कळूही नये. पण आग लागली तर कोणत्या रस्त्याने निघायचे, किती अंतरावर थांबायचे, हे त्या माणसांना आधी माहीत असायला हवे होते. या दोन माहितींमधली रेघ कोण आखतो, कशाच्या आधारावर आखतो आणि आखलेली रेघ पुसतो कोण, हा आजचा विषय आहे.

माझी सारी नोकरी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात गेली. आमच्याकडे प्रकरण बंद झाले की त्यावर अ, ब, क किंवा ड असा वर्ग लिहावा लागे. अ वर्गाचा कागद कायम जपायचा, ड वर्गाचा थोड्याच काळात नष्ट करायचा, आणि मधल्या वर्गांना ठरलेली मुदत. लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद किती वर्षे राहणार, हे साध्या कारकुनालाही सांगता येई. गोपनीयतेच्या शिक्क्याचे मात्र तसे नाही. 'अतिगुप्त', 'गुप्त', 'गोपनीय' आणि 'प्रतिबंधित' असे चार दर्जे केंद्र सरकारात चालतात. कोणत्या कागदाला कोणता दर्जा द्यायचा, हे सांगणारी विभागीय सुरक्षेची नियमपुस्तिका लोकांसाठी खुली नाही. ज्याच्या आधारे शिक्षा होते तो शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, म्हणजे परकीय सत्तेने केलेला, आणि 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्या त्यातही नाही.

व्याख्या नसली की काय होते, हे पत्रकार इफ्तिखार गिलानी यांच्या प्रकरणात दिसले. २००२ मध्ये त्यांना याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्या संगणकात सापडलेली माहिती आधीच प्रकाशित झालेली होती, तरी त्यांना सुमारे सात महिने तिहारमध्ये काढावे लागले आणि जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. आता अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कागद उघड केला आणि काही बिघडले, तर त्याची नोकरी जाते, कदाचित तुरुंगही होतो. निष्कारण शिक्का मारला, तर त्याला कोणी एक शब्द विचारत नाही. अशा व्यवस्थेत सज्जन माणूसही शिक्काच मारील. म्हणून मी यात कोणा व्यक्तीला दोष देत नाही. दोष रचनेत आहे आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

शिक्का पुसण्याची सोय कागदावर आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ आणि त्याखालचे १९९७ चे नियम सांगतात की गोपनीय अभिलेखांचा दर पाच वर्षांनी आढावा घेऊन दर्जा उतरवावा. पण तो आढावा घेतो त्याच खात्याचा अधिकारी. शिवाय याच अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे गोपनीय शिक्का असलेला अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवताच येत नाही. म्हणजे ज्याच्या हाती कुलूप, त्याच्याच हाती किल्ली, आणि किल्ली फिरवली नाही तर विचारणारा कोणी नाही.

याचा परिणाम पाहायचा तर आपल्याच चिमूरची आठवण काढतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी पेटले, मग चिमुरात फौज आली आणि बायाबापड्यांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले, आणि इंग्रज सरकारने त्याच्या बातम्या छापण्यावरच बंदी घातली. शांतता आणि सुव्यवस्था हेच कारण तेव्हाही होते. त्या सरकारच्या गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फाइली आज राष्ट्रीय अभिलेखागारात वाचता येतात. उलट १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची कारणे शोधणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांचा अहवाल १९६३ मध्ये सरकारला मिळाला, आणि तो अधिकृतपणे कधीच खुला झाला नाही. २०१० मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी त्यातली माहिती आजही लष्करी दृष्ट्या उपयुक्त असल्याचे संसदेत सांगितले. २०१४ मध्ये त्याचा मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला. परक्या सरकारची गुपिते आपण वाचू शकतो आणि आपल्याच जवानांच्या मरणाची कारणे वाचू शकत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माहितीच्या अधिकाराने २००५ मध्ये मोठे दार उघडले. कलम २२ प्रमाणे तो १९२३ च्या कायद्यावर वरचढ आहे, कलम ८(२) प्रमाणे लोकहित मोठे असेल तर गुप्त माहितीही देता येते, आणि कलम १० म्हणते की कागदाचा गुप्त भाग झाकून उरलेला द्यावा. मला हे कलम १० सर्वांत मोलाचे वाटते, कारण गुपित माहितीच्या तुकड्यात असते, आख्ख्या फाइलीत क्वचितच. पण वीस वर्षांनंतर माहिती खुली करण्याच्या कलम ८(३) मधून सुरक्षेची माहिती वगळली आहे, आणि कलम २४ ने गुप्तचर संस्था, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर, कायद्याबाहेर ठेवल्या आहेत.

सुधारणा करायची तर शिक्का मारतानाच तीन गोष्टी लिहायला लावाव्यात: कोणी मारला, का मारला, कधी उतरेल. हे अशक्य नाही. अमेरिकेत २००९ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने हीच सक्ती केली. बेकायदा कृत्य किंवा सरकारची नाचक्की झाकण्यासाठी शिक्का मारण्यास मनाई आहे, आणि खात्याने नकार दिला तर अनेक खात्यांच्या प्रतिनिधींच्या एका मंडळाकडे दाद मागता येते. तिथेही कागदांचे डोंगर साचले आहेत, हे खरे; पण दाद मागायला जागा आहे. आपल्याकडे दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच १९२३ चा कायदा रद्द करून हेरगिरीविषयीच्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यात घ्याव्यात असे सुचवले होते. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाचे अभिलेख साधारणतः २५ वर्षांत खुले करावेत असे धोरण आणले, ते स्वागतार्ह आहे. पण धोरण बदलता येते, म्हणून मुदत कायद्यात हवी. हेरांची नावे, सांकेतिक लिपी, शस्त्रांची रचना यांना लांब मुदत द्या, पण मुदत द्या, आणि ती वाढवायची झाल्यास खात्याबाहेरच्या समितीसमोर कारण सांगावे लागू द्या.

आता पुलगावकडे परततो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा तयार करावा लागतो. डेपोच्या आसपासच्या गावांसाठी त्यात काय लिहिले आहे, निघण्याचे रस्ते कोणते, सूचना कोण देणार, एवढाच भाग मागणारा माहितीचा अर्ज मी लिहून आणला आहे. माहितीच्या अधिकाराच्या कलम १० चा उल्लेख त्यात केला आहे, म्हणजे कोठारांची माहिती झाकून बाकीचे देता येईल. ग्रामसभेचा ठराव जोडून तो पाठवायचा आहे. त्याच्या प्रती वाचनालयाच्या टेबलावर ठेवल्या आहेत.