फर्ग्युसनमध्ये जमलेल्या बायका

फर्ग्युसन रस्ता, संध्याकाळची वेळ. कॉलेजच्या फाटकातून मुली बाहेर पडताहेत. कुणी रिक्षाला हात करतेय, कुणी मैत्रिणीसाठी थांबलीय. याच आवारात 1927च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड.

आणि बायकांनी एकत्र यावं म्हणून ठिकठिकाणी पत्रं धाडली होती एका आयरिश बाईंनी, मार्गारेट कझिन्स यांनी. मताच्या हक्कासाठी लंडनमध्ये खिडक्यांच्या काचा फोडल्या, म्हणून 1910मध्ये त्या हॉलोवेच्या तुरुंगात महिनाभर होत्या. पाच वर्षांनी त्या भारतात आल्या.

समुद्रापलीकडची मदत पुण्यानं त्याआधीही पाहिली होती. पंडिता रमाबाईंनी अमेरिकाभर भाषणं केली, बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. त्या पैशावर मुंबईत 1889मध्ये शारदा सदन, विधवा मुलींची निवासी शाळा, निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. केशवपन झालेल्या पोरीबाळींच्या हाती पाटी आली. मग 1893मध्ये तिथं मुलींचं ख्रिस्ती धर्मांतर होतंय असा गदारोळ उठला आणि पालकांनी कितीतरी मुली घरी नेल्या. त्या मुलींच्या पाट्यांचं पुढं काय झालं असेल, हे मनातून जात नाही.

मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळालं 1921मध्ये. त्यासाठी सेवासदन या महिलांच्या संस्थेच्या रमाबाई रानडे झटल्या होत्या. पण मालमत्तेची अट होती, त्यामुळे मतदार यादीत नाव लागलं फार थोड्या जणींचं.

फर्ग्युसनमधल्या अधिवेशनाचा विषय होता शिक्षण. पण दहा-बारा वर्षांची मुलगी सासरी गेली, तर वर्गात बसणार कोण? शाळेचं बोलायचं तर लग्नाच्या वयाचंही बोलावंच लागतं. परिषदेनं तो प्रश्न लावून धरला. 1929च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 ठरवलं. मला ते वय आजही कोवळंच वाटतं.

याच परिषदेच्या पुढं अध्यक्ष झाल्या हंसाबेन मेहता, बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. हंसाबेन अडून बसल्या. या शब्दांचा अर्थ कुणी फक्त पुरुष असा लावला तर?

10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा पहिल्या कलमात शब्द होते : ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’. सगळी माणसं.