सपत्नीक

नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाच्या स्नेहसंमेलनाची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'सर्व कर्मचाऱ्यांनी सपत्नीक उपस्थित राहावे.' जुन्या फायलीत हेच वाक्य होतं, तेच उतरवलं. दुपारी लेखा विभागातल्या एक सहकारी तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही सूचना मलाही आहे का?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून कार्यालयातला कुठलाही मजकूर हाती आला की मी आधी पाहतो, लिहिताना डोळ्यांपुढे कोण होतं?

आपल्या भाषेत हे जरा अवघड आहे, कारण मराठीत क्रियापदालाही लिंग असतं. 'कर्मचारी रजेवर जाणार असेल तर त्याने कळवावे' असं लिहिलं की निम्म्या वाचकांना वाटतं, हे दुसऱ्याच कुणासाठी आहे. मग आपण 'त्याने/तिने', 'गेला/गेली' अशा तिरक्या रेघा मारत सुटतो. असा परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा, धाप लागते. शिवाय 'तो' आणि 'ती' यांत न बसणारी व्यक्ती तरीही बाहेरच राहते.

खरं तर वाट आपल्या व्याकरणातच आहे. 'ते करतात', 'त्या करतात'. आदराने बोललं की इथे क्रियापद एकच. 'अर्जदाराने फॉर्म भरला' या वाक्यात 'भरला' हे रूप फॉर्मवरून ठरतं, अर्जदार कोण आहे यावरून नाही. आणि 'त्याचा अर्ज' याऐवजी 'आपला अर्ज' लिहिता येतं: 'कर्मचाऱ्याने आपला अर्ज दोन दिवस आधी द्यावा.' कुठेही ओढाताण नाही.

नावाआधीच्या उपाध्यांचं तसंच. 'श्री.' वरून पुरुषाचं लग्न झालंय का, हे कळत नाही. बाईच्या नावाआधी मात्र 'कु.' की 'सौ.' हे ठरवावं लागतं, आणि 'श्रीमती' लिहिलं तर काही जण अजूनही वेगळाच अर्थ काढतात. पगारपत्रकाला हे कशाला ठाऊक हवं? फ्रान्सने २०१२ साली सरकारी फॉर्मवरून 'मादमोआझेल', म्हणजे त्यांच्याकडचं 'कुमारी', हा रकाना काढायला सांगितलं. आपणही सगळ्या बायकांसाठी 'श्रीमती' हा एकच शब्द ठरवू शकतो. पदनामांबद्दल मात्र माझा हट्ट नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या शब्दातल्या 'पती'वर बरीच चर्चा झाली. शब्द तोच राहिला आणि 'राष्ट्रपती आल्या' हे कानाला सरावलं. पण एखादीला 'अध्यक्षा' म्हणवून घ्यायचं असेल, तर तिच्या पाटीवर तेच हवं. विचारायला वेळ लागत नाही.

काही जण म्हणतात, हे शब्दांचं सोवळं-ओवळं आहे, याने काय होणार? त्यांनी वार्षिक मूल्यमापनाचे अहवाल वाचावेत. ठाम बोलणारा पुरुष तिथे 'खंबीर' असतो, तशीच बोलणारी बाई 'हेकेखोर'. 'घर सांभाळूनही वेळेवर येतात' हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलं जातं. पुरुषाच्या अहवालात ते मी कधी वाचलेलं नाही. बढती ठरवणारे अनेकदा त्या व्यक्तीला भेटतही नाहीत, तो कागद वाचतात. म्हणून मला हा विषय शिष्टाचाराचा वाटत नाही, हक्काचा वाटतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली न्यायालयीन लेखनातल्या अशा शब्दांवर एक पुस्तिका काढली. 'करिअर वुमन' लिहू नका, नुसतं 'वुमन' लिहा, असं त्यात सांगितलं आहे. काम करणाऱ्या पुरुषाला आपण कुठे वेगळं विशेषण लावतो?

पुढच्या वर्षी ती सूचना पुन्हा माझ्याकडेच आली. मी 'सहकुटुंब' लिहिलं. त्या बाई आपल्या आईला घेऊन आल्या, आणि दोघी पहिल्या रांगेत बसल्या.