मनीचं ऑपरेशन

नमस्कार श्रोतेहो. आमची मनी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा धड सहा महिन्यांचीही नव्हती. रात्रभर घसा फोडून ओरडायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोटात दुखत असेल हो, ओवा द्या." दोन महिन्यांनी माळ्यावर चार पिल्लं! मांजर गाभण राहते साधारण ६३ दिवस, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहू शकते. हे आम्हाला कुठे ठाऊक?

मग नसबंदीची चौकशी सुरू केली. जवळच्या खाजगी दवाखान्यातला आकडा ऐकून आम्ही पिशवीतल्या मनीसकट घरी परतलो. तुमच्यावर तशी वेळ आली, तर आधी सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आठवा. मुंबईत परळला आहे. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. तिथलं रुग्णालय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीही चालतं, म्हणून दर सहसा बेताचे. शिकाऊ हात म्हणून घाबरू नका, शेजारी प्राध्यापक उभे असतात. महाविद्यालय लांब असेल तर जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गाई-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहिलात की लोक हसतील. हसू द्या.

पालिकेची गाडी रस्त्यावरची कुत्री नेते, तीच आपल्या मोत्याला नेईल असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी स्थानिक संस्थेकडे, पाळलेल्याची मालकाकडे. मात्र काही प्राणिसंस्था पाळीव प्राण्यांसाठीही सवलतीत शिबिरं घेतात, तिथे फोन करून नाव नोंदवता येतं.

फोनवर नुसतं "किती घेता?" विचारू नका. भूल, रक्ततपासणी, नंतरची औषधं, टाके काढणं, हे सगळं त्यात धरलंय का, तेही विचारा. स्वस्त म्हणून गेलेला माणूस इथेच फसतो. आणि आदल्या रात्री किती वाजल्यानंतर खायला द्यायचं नाही, हे डॉक्टरांकडूनच घ्या. पिल्लू लहान असेल तर तेही सांगा, त्याला फार वेळ उपाशी ठेवत नाहीत.

बोका असेल तर ऑपरेशननंतरही काही आठवडे घरातच ठेवा. तेवढे दिवस त्याच्याकडून पिल्लं होऊ शकतात.

ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर मनीनं दुसऱ्याच दिवशी भिरकावली. मग धाकट्याच्या जुन्या बनियनला चार भोकं पाडली. टाके निघेपर्यंत बाईसाहेब बनियन घालून सोसायटीभर नजरा झेलत खिडकीत बसून होत्या.