घोडीच्या थडग्यावरची क्लिओपात्रा

(काळा पडदा. दगडावर छिन्नीचा आवाज. थांबतो.)

शिकागोच्या पश्चिमेला फॉरेस्ट पार्क नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. जुगाराच्या धंद्यात मुरलेल्या जॉन कॉन्डनची एक लाडकी घोडी होती, क्लिओपात्रा. ती मेली, तेव्हा तिच्या थडग्यावर त्याने संगमरवरी पुतळा बसवला. तेराशे किलोहून जड. पुतळा क्लिओपात्राचाच, पण इजिप्तच्या राणीचा. त्याआधी तो शिकागोतल्या एका दारूच्या गुत्त्यात पडून होता.

तो घडवणारी बाई तेव्हा हयात होती. दूर, युरोपात.

(एडमोनिया लुईसचं छायाचित्र.)

मेरी एडमोनिया लुईस. जन्म १८४४ च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनबुशचा. वडील कृष्णवर्णीय. आईकडून चिप्पेवा, म्हणजेच ओजिब्वे लोकांचं रक्त. आईबाप लहानपणीच गेले. मावश्यांनी तिला नायगारा धबधब्याजवळ वाढवलं. धबधबा बघायला येणाऱ्यांना टोपल्या आणि चामड्याची मऊ पादत्राणं, मोकॅसिन, विकून घर चालायचं. घरात तिचं नाव होतं वाइल्डफायर. वणवा.

सावत्र भाऊ सॅम्युएल पश्चिमेकडे पैसे कमवायला गेला आणि त्यातून बहिणीला शिकवलं. १८५९ मध्ये ती ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात दाखल झाली. मुली आणि कृष्णवर्णीय, दोघांनाही प्रवेश देणारं त्या काळातलं हे विरळा कॉलेज. पण १८६२ च्या जानेवारीत, तिने दिलेली मसाल्याची गरम वाईन पिऊन दोन गोऱ्या विद्यार्थिनी आजारी पडल्या. विष घातल्याचा आळ आला. खटला उभा राहण्याआधीच तिला पळवून नेऊन बेदम मारलं आणि थंडीत शेतात टाकून दिलं. मारणाऱ्यांवर काहीच झालं नाही. कृष्णवर्णीय वकील जॉन मर्सर लँगस्टन तिच्या बाजूने उभे राहिले. मुळात विष होतं हे तरी कशावरून, एवढा एकच प्रश्न त्यांनी लावून धरला. ती सुटली. पुढच्या वर्षी चित्रकलेचं साहित्य चोरल्याचा आरोप झाला, त्यातूनही सुटली. पण कॉलेजने शेवटच्या सत्राला नाव घालू दिलं नाही.

पदवी मिळाली. २०२२ मध्ये. मरणोत्तर.

(बॉस्टन. मातीत काम करणारे हात.)

बॉस्टनमध्ये एडवर्ड ब्रॅकेट नावाच्या शिल्पकाराने तिला थोडी माती आणि पावलाचा एक नमुना हातात दिला, हे करून आण म्हणाला. शिक्षण म्हणाल तर जवळपास एवढंच. १८६४ मध्ये, यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणीचं नेतृत्व करताना पडलेल्या कर्नल शॉ यांचा अर्धपुतळा तिने केला. त्याच्या प्लास्टरच्या शंभर प्रती विकल्या गेल्या. त्या पैशांवर तिने इटली गाठली.

रोममध्ये तेव्हाची रीत अशी: शिल्पकाराने मातीत नमुना करायचा आणि संगमरवर फोडायचा तो इटालियन कारागिरांनी. त्यात कमीपणा नव्हता, पुरुषांना तरी. बाईचं काम चांगलं निघालं की मात्र कुजबूज सुरू, हे हिने केलेलंच नाही. हॅरियट हॉस्मरसारख्या नावाजलेल्या शिल्पकार स्त्रीबद्दल हे छापूनसुद्धा आलं होतं. एडमोनियाने सुरुवातीची कित्येक वर्षं दगडाचं काम स्वतः केलं. उंचीने बुटकी बाई, शिडीवर चढून, हातात छिन्नी-हातोडा. कुणाला शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही.

(जवळून: ‘वृद्ध बाण करणारा आणि त्याची लेक’.)

हे शिल्प नीट पाहा. बाप बाणाचं टोक घडवतोय, लेक चटई विणतेय. दोघांच्या पायाशी हरीण. दोघांनीही काम थांबवून मान वर केली आहे, कारण हरीण आणणारा हायवाथा समोर उभा आहे. तो शिल्पात नाहीच. त्याच्या जागी आपण उभे असतो! हायवाथा हा अमेरिकन कवी लाँगफेलोच्या कवितेचा नायक, प्रसंगही तिथलाच, पण ते विणणारे हात नायगाराचे आहेत. लेकीचा चेहरा मात्र ग्रीक देवतेसारखा. मुलीत शिल्पकाराचाच चेहरा शोधणाऱ्यांची सोय तिने मुद्दाम केली नसावी, असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

(क्लिओपात्रा.)

१८७६, फिलाडेल्फियाचं शतसांवत्सरिक प्रदर्शन. क्लिओपात्राचे पुतळे आधीही झाले होते: विचारात गढलेल्या, देखण्या, मरणाच्या अलीकडच्या. एडमोनियाची राणी मेलेली आहे. मान कलंडलेली, डावा हात सिंहासनावरून लोंबकळतोय, उजव्या हातात अजून साप. लोकांनी गर्दी केली, काही समीक्षकांना मात्र शिसारी आली. विकत कुणी घेतलं नाही. एवढा दगड परत रोमला कोण नेणार?

पुढचं आपण पाहिलं. गुत्ता, मग घोडी. शर्यती बंद पडल्या, गोल्फचं मैदान झालं, नौदलाचा कारखाना आला, पुतळा तिथेच. १९७० च्या दशकात त्या जागी अमेरिकन टपाल खात्याचं केंद्र उभं राहिलं, तेव्हा तो उचलून एका कंत्राटदाराच्या भंगाराच्या आवारात टाकला गेला. अग्निशमन खात्याच्या एका निरीक्षकाची नजर पडली. बालवीरांनी मोठ्या मायेने त्याला रंग फासला. संगमरवराला! हसावं की रडावं. शेवटी १९९४ मध्ये तो स्मिथसोनियनच्या संग्रहालयात पोहोचला, आणि रंग खरवडला गेला.

(लंडन. दफनभूमी.)

एडमोनिया १९०७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात वारली. तिची कबर २०११ मध्ये सापडली. त्यावर नवी शिळा बसली २०१७ साली.

(टपाल तिकीट, पडदाभर.)

आणि २०२२ च्या जानेवारीत तिचा चेहरा तिकिटावर आला. काढलं त्याच टपाल खात्याने.