दिवे लागायच्या आधी

(दृश्य: तंबूंची रांग, कलतं ऊन, पाण्याचा नळ)

दिवस कलू लागला की निर्वासितांच्या छावण्यांमधल्या कितीतरी बायका पाणी पिणं थांबवतात. तहान लागलेली असते, तरीही. रात्री लघवीला उठायची वेळ येऊ नये म्हणून. शौचालय लांब, वाटेवर दिवा नाही, दाराला आतून कडी नाही आणि अंधारात कोण उभं असेल याचा भरवसा नाही.

मग तुंबवून ठेवायचं. रोज. हळूहळू लघवीला जळजळ सुरू होते, ताप चढतो. उपचार लांबले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. बाई गरोदर असेल, तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचा धोका. दवाखान्याच्या वहीत नोंद होते ती ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ एवढीच. कडीचा उल्लेख कुठेच येत नाही.

खरं तर या कडीबद्दल फार पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. मदतकार्यात जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकं सांगतात: दर 20 माणसांमागे किमान 1 शौचालय, आणि सार्वजनिक शौचालयांत पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन. आतून बंद होणारं दार हवं, उजेड हवा, पाळीचे कपडे धुवायला आडोसा हवा. यातलं काहीच महागडं नाही, म्हणूनच ते नसलं की जास्त राग येतो.

ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. त्यांच्यातल्या अनेक बायकांवर सैनिकांनी बलात्कार केले होते. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकानं ते नोंदवलं आहे. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळ्या 120 तासांच्या आत. आणि जंगलातून, चिखलातून सीमेपर्यंत यायलाच कित्येकींना अनेक दिवस लागले.

(दृश्य: दवाखान्यातलं बाकडं)

दवाखाना गाठला तरी बोलायचं कसं? नव्या देशाची भाषा घरात सगळ्यांत आधी शिकतात ती मुलं. मग आईला अंगावरून जातंय, हे दुभाषा म्हणून आलेल्या मुलानं डॉक्टरांना सांगायचं. आई म्हणते, पोटात दुखतंय. तेवढंच भाषांतर होतं, आणि पोटदुखीची गोळी मिळते.

परदेशात घरकामाला गेलेल्या बाईचं बाकडं तर कुणालाच दिसत नाही. तिचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, सुट्टी मालकाच्या मर्जीवर. कामगारानं आपली कागदपत्रं स्वतःजवळ ठेवावीत आणि आठवड्यात सलग 24 तास सुट्टी मिळावी, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या करारात आहे. बंद दारामागे तो करार तिला वाचून कोण दाखवणार?

पुरुषांचं दुखणं वेगळ्या वाटेनं येतं, पण तेही पुष्कळदा मूत्रपिंडापाशीच पोचतं. रणरणत्या उन्हात बांधकाम, घामानं निथळणारं अंग, पाणी प्यायलाही उसंत नाही. आखातातून मूत्रपिंडं निकामी होऊन परतलेले तरुण नेपाळमधल्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. कतारनं 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायला लावलं. पण घरी पैसे पाठवणारा माणूस अंग मोडून येतंय असं सहसा म्हणत नाही. कर्ज काढून आलेला असतो तो. स्थलांतराच्या वाटेवरच्या एखाद्या कोठडीत त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर त्याविषयी तो एक शब्दही काढत नाही. आणि त्याला कुणी विचारतही नाही.

पारलिंगी व्यक्तींना तर कुठल्या रांगेत उभं राहायचं इथूनच सुरुवात. कागदावर एक, अंगावर एक. पुरुषांच्या बराकीत ठेवलं की रात्र जागून काढायची, आणि चालू असलेली संप्रेरकांची (हार्मोनची) औषधं मध्येच तुटायची.

(दृश्य: पुन्हा छावणी, सकाळ)

काही छावण्यांमध्ये आता दिव्यांचे खांब उभारायच्या आधी तिथल्या बायकांना सोबत घेऊन वाटा पायी फिरतात. त्या फार बोलत नाहीत. एका वळणाशी थांबतात आणि बोट दाखवतात.

इथे.