ठिपका दिसला म्हणजे स्टेशन दिसलं असं नाही

एपीआरएस ही हौशी (हॅम) रेडिओवरून आपलं ठिकाण आणि छोटे संदेश सगळ्यांना सांगायची पद्धत. तिचं नाव काढलं की बहुतेकांना आठवतो तो इंटरनेटवरचा नकाशा आणि त्यावर सरकणाऱ्या गाड्या. माझं म्हणणं असं, की या नकाशानेच आपली थोडी दिशाभूल केली आहे.

ही पद्धत बॉब ब्रुनिंगा यांची, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, डब्ल्यूबी४एपीआर. ते अमेरिकेच्या नौदल अकादमीत होते. १९८४ मध्ये घोड्यांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत त्यांनी तिचं सुरुवातीचं रूप कोमोडोर व्हिक-२० या घरगुती संगणकावर चालवलं. जीपीएस तेव्हा सर्वसामान्यांच्या हाती आलंही नव्हतं! मैदानात काम करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचं चित्र एकाच वेळी दिसावं, एवढाच हेतू. संदेश, हवामान, जवळच्या रिपीटरची (आवाज ऐकून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनची) फ्रीक्वेन्सी, हे सगळं त्यात येतं. ही निव्वळ गाड्यांचा माग काढायची यंत्रणा नव्हे, हे ब्रुनिंगा वर्षानुवर्षं सांगत राहिले. २०२२ मध्ये ते गेले.

नेहमीच्या पॅकेट रेडिओत, म्हणजे माहिती छोट्या तुकड्यांत (पॅकेट) पाठवणाऱ्या रेडिओत, दोन स्टेशनं आधी जोडली जातात आणि प्रत्येक पॅकेटची पोच मिळते. एकाला सगळ्यांना सांगायचं असेल तर हा प्रकार कुचकामी. म्हणून एपीआरएसमध्ये ठिकाण सांगताना जोडणीच नाही. कॉलसाइन, अक्षांश-रेखांश बोलायचं आणि गप्प बसायचं. ऐकलं कुणी, ते पाठवणाऱ्याला कळत नाही.

आता चॅनलकडे या. उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्झ, युरोपात १४४.८००. सगळे त्या एकाच फ्रीक्वेन्सीवर, वेग १२०० बॉड. एक पॅकेट साधारण अर्धा ते एक सेकंद हवा अडवतं. डोंगराच्या दोन बाजूंची दोन स्टेशनं एकमेकांना ऐकू शकत नाहीत, त्यामुळे ती खुशाल एकाच वेळी बोलतात. वर बसलेल्या डिजिपीटरला, म्हणजे पॅकेट ऐकून तेच पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनला, दोन्ही ऐकू येतात, पण एफएमचा स्वभाव असा की जोरकस सिग्नल कमजोराला गिळून टाकतो. कमी वॅटचा हँडसेट नकाशावरून नाहीसा होतो तो बऱ्याचदा असा. आणि तरीही काही जण पॅकेटला एका डिजिपीटरवरून दुसऱ्यावर अशा चार-पाच उड्यांचा मार्ग लावतात, वर दर दहा सेकंदांनी बीकन, म्हणजे ठिकाणाचं पॅकेट! त्याने आपला पल्ला फारसा वाढत नाही, इतरांची तोंडं मात्र बंद होतात. फिरत्या गाडीला वाइड१-१, वाइड२-१ हा दोन उड्यांचा मार्ग बहुतेक ठिकाणी पुरे. वळणावर लगेच, सरळ रस्त्यावर वेगानुसार आणि उभ्या गाडीतून क्वचित बीकन पाठवणारी स्मार्टबीकनिंगची सोय बहुतेक ट्रॅकर्समध्ये असते, ती वापरा.

इंटरनेटची बाजू नंतर जोडली गेली. आयगेट रेडिओवरचं पॅकेट ऐकून सर्व्हरकडे ढकलतो. एकच पॅकेट पाच आयगेटनी ऐकलं, तर सर्व्हर पहिली प्रत ठेवतो आणि बाकीच्या टाकून देतो. म्हणजे नकाशावर दिसणारा मार्ग सर्वात आधी पोहोचलेल्या प्रतीचा असतो, सर्वात चांगल्या ऐकलेल्या प्रतीचा नव्हे. त्यावरून अँटेनाची परीक्षा करणारे, आणि असे पुष्कळ आहेत, भलत्याच निष्कर्षावर जातात. खरी कसोटी घ्यायची तर स्वतःचा रिसीव्हर लावून कच्ची पॅकेट्स वाचा, किंवा १४५.८२५वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा डिजिपीटर चालू असेल तेव्हा प्रयत्न करा. तिथे आपलं पॅकेट परत कानावर येतं, मधे इंटरनेट लागत नाही.

आता खासगीपणाबद्दल. हॅम बँडवर संदेश सांकेतिक करून लपवायला परवानगी नसते, तेव्हा आपलं ठिकाण कुणीही ऐकू शकतो, साठवूही शकतो. नेहमीच्या रचनेत अक्षांश-रेखांशाच्या मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) शंभरावा भाग पाठवला जातो, म्हणजे अक्षांशात साधारण १८ मीटर. घर तेवढं नेमकं दाखवायचं नसेल तर शेवटचे अंक कोरे सोडायची सोय मूळ प्रोटोकॉलमध्येच आहे. दोन अंक कोरे ठेवलेत की अंदाज एका मिनिटावर येतो, जवळपास १.८ किलोमीटर. हवामानाची माहिती देणाऱ्या घरच्या स्टेशनला एवढं पुष्कळ झालं.