धक्का एक, बोटी दोन

(दृश्य: गोव्यातल्या रायबंदरचा फेरी धक्का, सकाळची वर्दळ)

अलीकडे रायबंदर, पलीकडे चोडण. फेरीबोट धक्क्याला लागते, आधी दुचाक्या सुटतात, मग गाड्या, मग ऑफिस गाठायची घाई असलेली माणसं. मागून दुसरी बोट आली, तर तिला मांडवीतच घुटमळावं लागतं. धक्का मोकळा झाल्याशिवाय तिला जागा नाही.

अशीच एक चुरस आपल्या शरीरात चालते. तिथे मात्र उशिरा येणारी बोट वाट पाहत नाही.

टी-पेशी म्हणजे जंतूंशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी. तिला परका जंतू ओळखता आला, म्हणून ती लगेच कामाला लागत नाही. तिला आणखी एक होकार लागतो. तो देणारे रेणू, सीडी८० आणि सीडी८६, तिला जंतूचे तुकडे दाखवणाऱ्या समोरच्या पेशीवर असतात. हा आपला धक्का. टी-पेशीवरचा सीडी२८ तिथे लागला, की होकार पोहोचतो आणि एका पेशीच्या हजारो होतात. मग टी-पेशीच्या पोटातून वर येतो दुसरा रेणू, सीटीएलए-४. तो त्याच धक्क्याला लागतो, पण सीडी२८पेक्षा सुमारे २० पट घट्ट. सीडी२८ला जागाच उरत नाही.

एवढ्यावर भागत नाही. २०११मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवलं, की सीटीएलए-४ समोरच्या पेशीवरचे हे रेणू उपटून आपल्या पेशीत ओढून नेतो आणि तिथे ते नष्ट होतात. म्हणजे बोटीने धक्काच गिळला!

सीटीएलए-४ बनवण्याची कृती आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकात आहे. १९८७मध्ये फ्रान्समध्ये पिएर गोल्स्टीन यांच्या गटाला तो उंदराच्या पेशींत सापडला. तो करतो काय, हे पुढची काही वर्षं कळेना. सीडी२८सारखाच दिसतो, तेव्हा तोही पेशीला चेतवत असणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. १९९५मध्ये निकाल लागला. हे जनुक काढून टाकलेली उंदराची पिल्लं तीन-चार आठवड्यांत मेली. त्यांच्या हृदयात, स्वादुपिंडात, जिथे तिथे त्यांच्याच पेशी शिरल्या होत्या. शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशी लढताना दिसतात. त्या थांबल्या नाहीत तर काय होतं, ते या पिल्लांनी दाखवलं.

(दृश्य: डिचोलीजवळचं एक घर, स्वयंपाकघर)

या काकूंना आमवात आहे. स्वतःच्याच पेशी सांध्यांवर उठल्या आहेत. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. गोव्याच्या स्वयंपाकघरात नारळाशिवाय पान हलत नाही, आणि विळीवर बसून तो खवणं त्यांना आता जमत नाही. ते काम सुनेकडे गेलंय. औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. रोजची गोळी समजून घेतली तर जिवावर बेततं, म्हणून कालनिर्णयवर दर रविवारी पेनाने गोल केलेला आहे.

अशा साध्या औषधांनी सगळ्यांचं भागत नाही. त्यांच्यातल्या काहींसाठी अबाटासेप्ट आहे, अमेरिकेत २००५च्या डिसेंबरात मंजूर झालेलं. त्यात सीटीएलए-४चाच बाहेरचा भाग असतो, प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) शेपटीला जोडलेला. तो धक्का अडवून बसतो. होकार मिळत नाही, पेशी शांत राहतात.

आता याच्या बरोबर उलट. कर्करोगाच्या गाठीभोवती टी-पेशी असतात, पण सीटीएलए-४ त्यांना आवरून धरतो. अमेरिकी संशोधक जेम्स ॲलिसन यांनी विचार केला, की आवरणाऱ्यालाच आवरलं तर? त्यांच्या प्रयोगशाळेने सीटीएलए-४ला अडवणारं प्रतिपिंड उंदरांना दिलं आणि गाठी विरल्या. तो शोधनिबंध १९९६चा. माणसांसाठीचं औषध, इपिलिमुमॅब, २०११मध्ये पसरलेल्या मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगासाठी, मंजूर झालं. २०१८चं नोबेल ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना मिळालं. होंजो यांचं काम पीडी-१ या वेगळ्या रेणूवरचं. तो विषय मोठा, आज त्यात शिरत नाही.

इपिलिमुमॅब घेणाऱ्या काहींच्या आतड्याला सूज येते, त्वचा उठते, थायरॉइड किंवा मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बिघडते. आवर काढला, की गाठीसोबत घरचेही अवयव भरडले जातात. एका रोग्याला जे द्यायचं, तेच दुसऱ्याकडून काढून घ्यायचं, असं जनुक वैद्यकात क्वचित भेटतं.

(दृश्य: काळ्या पडद्यावर एका कुटुंबाची वंशावळ)

२०१४मध्ये डॉक्टरांनी अशी कुटुंबं वर्णन केली, ज्यांच्यात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली होती. निम्म्या प्रथिनावर काम भागत नव्हतं: जुलाब, रक्तपेशी घटणं, फुप्फुसात आणि मेंदूत पेशींची गर्दी. त्यांच्यातल्या काहींना पुढे अबाटासेप्ट दिलं गेलं आणि गुण आला. जे कमी पडत होतं, तेच बाहेरून मिळालं. पण त्याच कुटुंबांत तीच बिघडलेली प्रत घेऊन फिरणारे काही जण ठणठणीत होते. एकाच आईची मुलं, एकच चूक, आणि त्यातला एकच आजारी. त्या निरोगी भावंडांना कशाने सांभाळलं, हे शोधण्यासाठी आता त्यांचंही रक्त तपासलं जातंय.